सूर्यास्त आणि वाकडं अंगण

सूर्य मावळताना पाहायला कोणाची परवानगी लागत नाही, हा ओळंब्यांचा गोड गैरसमज इमारतीच्या अध्यक्षांनी पहिल्याच संध्याकाळी दूर केला. परवानगी लागते, आणि तीही लेखी. कारण गच्चीची किल्ली सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळातच मिळते, आणि सूर्य काही साडेसहाच्या आधी मावळायचं नाव घेत नाही.

"मग पाचच्या आत उरका," अध्यक्ष म्हणाले.

"पाचच्या आत तो मावळत नाही."

"तो त्याचा प्रश्न झाला. नियम सगळ्यांना सारखा."

अध्यक्षांनी तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली होती. निवृत्त होताना शाळेने त्यांना घड्याळ दिलं, पण शिट्टी परत मागायला शाळा विसरली. ती त्यांच्या गळ्यात अजून होती. पाण्याची टाकी भरली की शिट्टी, जिन्यात कोणी सायकल लावली की शिट्टी. शेवटी असं ठरलं, की ओळंब्यांनी अर्ज करावा आणि अर्जात सूर्यास्ताची नेमकी वेळ लिहावी. आता सूर्य रोज मिनिटभर आधी मावळत होता, त्यामुळे सोमवारचा अर्ज मंगळवारी चालेना. ओळंबे दर रविवारी वर्तमानपत्रातून वेळा उतरवून सात अर्ज एकदम देऊ लागले. एकदा ढग आले आणि सूर्य दिसलाच नाही, तेव्हा अध्यक्षांनी किल्लीच्या वहीत त्यांच्याकडून लिहून घेतलं, 'आज सूर्यास्त झाला नाही.' खाली सही, तारीख.

ओळंबे हे त्यांचं आडनाव नव्हे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. भिंत सरळ उठते आहे की नाही ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. नगरपालिकेच्या नकाशा विभागात एकतीस वर्षं आरेखक म्हणून रेघा मारलेला हा माणूस. कोणाच्या घरी गेला तर भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नसे. कोणीतरी त्याला ओळंबा म्हणालं. पुढे नवी टंकलेखिका आली, तिला ते आडनावच वाटलं, आणि तिने एका परिपत्रकात 'श्री. ओळंबे' असं टंकून टाकलं. तेव्हापासून खरं आडनाव फक्त पगारपत्रकात उरलं. त्यांनी तक्रार केली नाही. खरं तर मनातून सुखावलेच होते.

अशा माणसाला दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर एक नकाशा पसरला. गटाराचा होता, पण रेघ ती रेघ. एका जागी, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या अंतरात, ती रेघ लहरली होती.

"ओळंबे, हात हलतो का हो तुमचा?" साहेबांनी विचारलं. आवाजात काळजी होती, आणि तीच जास्त लागली.

"पेनाचं टोक खराब आहे साहेब."

"असेल. पण सध्या तुम्ही आवक-जावक बघा. थोडे दिवस. पुढच्या महिनाअखेर बघू, तोवर हात नाही सुधारला तर तुमचं टेबल नव्या माणसाला द्यावं लागेल."

आवक-जावक म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या कागदाची वहीत नोंद करायची. शिक्का वाकडा पडला तरी कोणी विचारत नाही. एकतीस वर्षं ज्याने शहराच्या नळांना, गटारांना आणि रस्त्यांना सरळ ठेवलं, त्याच्या हातात रबरी शिक्का! ओळंब्यांनी घरी येऊन जेवायला नकार दिला, मग बायकोने काहीच आग्रह केला नाही म्हणून जेवले, आणि जेवताना जाहीर केलं, "दाखवतो त्यांना."

काय दाखवणार, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. पण मुलगी नोकरीसाठी परगावी जाताना मागे ठेवून गेलेला डिजिटल कॅमेरा कपाटात होता. घरापासून पश्चिमेला जलाशय होता, आणि गच्चीतून त्याच्या पाण्याची लांबलचक आडवी कड दिसायची. पाण्याच्या कडेइतकी सरळ रेघ जगात दुसरी नाही. ती कोणत्या आरेखकाने काढलेली नसते. त्या रेघेवर टेकलेला सूर्य, रोज एकाच जागेवरून, एकाच चौकटीत, एकही दिवस न चुकता. असे फोटो तारखेनिशी साहेबांच्या टेबलावर ठेवायचे, आणि म्हणायचं, घ्या, याला काम म्हणतात!

पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेरा हातात धरून सतरा फोटो काढले. त्या सतरा फोटोंचा उल्लेख ओळंबे करत नाहीत. हात हलल्याने त्यात सूर्य कमी आणि वितळलेलं लोणी जास्त दिसत होतं. त्यांनी कॅमेऱ्याबरोबरचं माहितीपुस्तक चष्मा लावून वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की उजेड कमी असताना कॅमेरा स्थिर पृष्ठभागावर ठेवावा आणि दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी कळ दाबावी. म्हणजे हा दोष सर्वांचाच होता, छापील होता. ओळंब्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पश्चिमेच्या कठड्यावर डाव्या कोपऱ्यापासून चार हातांवर पेन्सिलीने चौकोन आखला, त्यात कॅमेरा बसवला, कळ दाबली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

फोटो सुरेख आला. पण जरा वाकडा आला.

फार नाही. पाण्याची कड डावीकडून उजवीकडे किंचित उतरलेली. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती. दुसऱ्या आठवड्यात मात्र दिसू लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात फोटो पाहणारा माणूस नकळत मान तिरकी करू लागला. तोवर फोटो काढणं ही ओळंब्यांची खाजगी बाब उरली नव्हती. इमारतीत एखाद्याने नवी गोष्ट सुरू केली की बाकीच्यांना ती येतच असते. दुसऱ्या मजल्यावरचे औषधवाले जिन्यात भेटले. त्यांनी फोटो पाहिला, मग ओळंब्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "मॅग्नेशियम कमी पडतंय. घाबरू नका. साठीकडे आलं की हात हलतोच."

"फोटो काढताना माझा हात तिथे नसतोच!" ओळंबे म्हणाले. "पाठीमागे असतो!"

"तेच म्हणतो मी. लपवावासा वाटतो."

अशा माणसाशी काय बोलणार? बायकोचा भाऊ आला, त्याने तर खिशातून फोन काढला, त्यात फोटो घेतला आणि बोटाने गर्रकन फिरवून सरळ करून दाखवला. "झालं काम! भाऊजी, तुम्ही कशाला एवढं रक्त आटवताय?"

"पाणी सरळ झालं, पण खाली कठड्याची कड बघ," ओळंबे म्हणाले. "ती वाकडी झाली."

"कठड्याकडे कोण बघतंय?"

"मी बघतोय!"

पण हे बोलताना ओळंब्यांच्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं. पाणी सरळ केलं तर कठडा वाकडा होतो. पाणी तर वाकडं असूच शकत नाही. मग वाकडं कोण? मेहुण्याला चहा न विचारता ते आत गेले आणि फोटोंच्या छापील प्रती, भिंग, पट्टी आणि काटकोन मापायचा गुण्या घेऊन बसले. कठड्यावरून काढलेल्या पहिल्या फोटोत पाण्याची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा मिलिमीटर उतरली होती. दहाव्या दिवशी एक. विसाव्या दिवशी पावणेदोन. कॅमेरा तोच, चौकोन तोच, आणि हात तर नव्हताच. म्हणजे रोज रात्रंदिवस, कोणाला न सांगता, गच्चीचा कठडा डावीकडे खचत होता.

आणि डाव्या कोपऱ्यात काय होतं? हिरवळ होती! अध्यक्षांनी गच्चीच्या त्या कोपऱ्यात, जिथे गच्ची इमारतीच्या भिंतीबाहेर सज्जासारखी पुढे आली होती, तिथे हिरवळ करायला घेतली होती. दर रविवारी सकाळी सातला शिट्टी वाजायची, आणि जिन्यात रांगेने उभे राहून सगळे रहिवासी हातोहात मातीच्या बादल्या वर पोचवायचे. ओळंब्यांनीही पोचवल्या होत्या. माती गुडघ्याएवढी झाली होती आणि तिला रोज दोन वेळा पाणी दिलं जायचं. ओल्या मातीचं वजन काय असतं, हे नकाशा विभागातल्या माणसाला कोणी सांगायला नको.

ते तडक अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी फोटो उभा धरला, आडवा धरला, लांब धरला.

"फोटो वाकडा आलाय," ते म्हणाले.

"फोटो सरळ आहे. गच्ची वाकडी आहे."

अध्यक्षांनी फोटो परत दिला. "ओळंबे, तुमच्याबद्दल आदर आहे मला. पण आपल्यात म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडं."

ही म्हण संध्याकाळपर्यंत चारही मजले हिंडून आली. ओळंबे जिन्यातून जाताना कोणीतरी दाराआडून हळूच म्हणायचं, 'अंगण कसं आहे?' आणि मग आत हसू फुटायचं. सूचनाफलकावर कोणीतरी खडूने तिरकी रेघ मारून तिच्यावर अर्धा सूर्य काढला. रेघ फार वाईट मारलेली होती. ओळंब्यांना अपमानापेक्षा त्या रेघेचाच जास्त राग आला. त्यांनी ती पुसली आणि नीट तिरकी मारून दिली.

घरातही फार आधार होता असं नाही. "अहो, पण डोळ्यांनी तर काही दिसत नाही," बायको म्हणाली.

"तुला नाही दिसत. मला दिसतं. एकतीस वर्षं तेच केलंय मी."

"मग त्या दातांच्या डॉक्टरांना विचारा. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली राहतात ते."

दातांचे डॉक्टर चौथ्या मजल्यावर, सज्जाखालच्या बंदिस्त बाल्कनीतच आपल्या कुंड्या आणि वर्तमानपत्र घेऊन बसायचे. त्यांनी ओळंब्यांना आत घेतलं आणि काही विचारायच्या आत स्वतःचंच गाऱ्हाणं सुरू केलं. बाल्कनीच्या सरकत्या काचा अडकत होत्या. त्यांनी आधी साबण लावला, मग मेण लावलं, मग तेल घातलं. "आता कानस आणलीये," ते म्हणाले. "वरची पट्टी थोडी घासतो. दातांचंही असंच असतं. जागा केली की बसतं."

"डॉक्टर, वरून छत खाली येतंय! काच घासून काय होणार?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. हे पाहणं ओळंब्यांना आता ओळखीचं झालं होतं. "आ करा बघू," डॉक्टर म्हणाले. "रात्री दात खाता का तुम्ही झोपेत? ताणामुळे होतं."

उरली नगरपालिका. म्हणजे त्यांचंच कार्यालय! इथे एक बारीक अडचण आली. नागरिकांच्या तक्रारी आवक खिडकीवर द्यायच्या असतात, आणि कर्मचाऱ्याने स्वतःचा अर्ज आतून ठेवून घेणं नियमात बसत नाही. ओळंबे नियमाचे पक्के. ते रीतसर बाहेर आले आणि खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. वीस मिनिटं झाली तरी रांग हलेना, म्हणून पुढची माणसं कुरकुरू लागली, की आतला माणूस जागेवर नाही, पगार कशाचा घेतात हे लोक. ओळंब्यांनीही दोन शब्द सुनावले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आतला माणूस म्हणजे आपणच. ते धावत आत गेले, पुढच्या सहा जणांचे अर्ज घेतले, परत बाहेर येऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले, आणि अखेर टंकलेखिकेला हात जोडून पाच मिनिटं खुर्चीवर बसवलं तेव्हा कुठे त्यांच्या तक्रारीवर शिक्का बसला.

तीन दिवसांनी उत्तर आलं, तेही त्यांच्याच टेबलावर. त्यांनी त्याच्यावर आवक क्रमांक टाकला आणि उघडलं. 'धोकादायक बांधकामाच्या यादीत "पडलेला कठडा" हा प्रकार आहे. "कललेला कठडा" हा प्रकार नाही. तरी सदर कठडा पडल्यावर पुन्हा अर्ज करावा.' खाली साहेबांची सही होती. ओळंबे ते पत्र आणि फोटोंची चळत घेऊन सरळ केबिनमध्ये गेले.

साहेबांनी फोटो एकेक करून चाळले. शेवटच्या फोटोवर थांबून ते हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. "अहो, पाणी सांडतंय तुमचं उजवीकडे!"

"साहेब, गच्ची खचतेय."

"ओळंबे," साहेब चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी हे सगळं करू नका. मला कळतं, कोणाला आवडत नाही. महिनाअखेर नवा माणूस येतोय. त्याला जरा टेबल समजावून द्या, एवढं करा."

ओळंबे बाहेर आले. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांना पहिल्यांदा शंका आली, की आपणच वाकडे झालो की काय. जिना चढताना डोळ्यांनी पायऱ्या तपासल्या, भिंतींच्या कडा तपासल्या, आरशातले आपले खांदे तपासले. मग अर्जावर लिहिलेल्या वेळेला गच्चीवर जाऊन फोटो काढला आणि छापून मोजला. अडीच मिलिमीटर! काल सव्वादोन होता. शंका गेली आणि तिच्या जागी संताप आला, आणि संताप हा ओळंब्यांना शंकेपेक्षा नेहमीच सोयीचा वाटत आलेला होता.

रविवारी हिरवळीचं उद्घाटन होतं. अध्यक्षांनी वेळ मुद्दाम सूर्यास्ताची ठेवली होती, म्हणजे सगळ्या इमारतीला सूर्यास्त कसा सरळ असतो ते कळेल. कोपऱ्याच्या तोंडाशी लाल फीत बांधली होती. साठ माणसं हिरवळीवर एकदम उभी राहून हात वर करणार, आणि शिट्टीबरोबर खाली बसणार, असा कार्यक्रम होता. तालीमही झाली होती, पण सुदैवाने खाली वाहनतळावर.

ओळंबे चार वाजताच घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून निघाले.

"कुठे चाललात?" बायकोने विचारलं.

"फितीसमोर बसायला. कालच्या फोटोत उतार तीन मिलिमीटर आलाय. साठ माणसं त्या कोपऱ्यावर नाही जाऊ द्यायची मला. हसू देत."

बायकोने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तिने दुसरी खुर्ची उचलली. "ती वाट रुंद आहे," ती म्हणाली. "एका खुर्चीने नाही अडायची."

इतक्या वर्षांत ओळंब्यांना बायकोचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, फक्त तिची खुर्ची आपल्या खुर्चीच्या रेषेत लावली.

साडेपाचपासून लोक जमू लागले. नवरा-बायको फितीसमोर शेजारी शेजारी बसलेले पाहून आधी सगळ्यांना वाटलं, की पाहुण्यांची बसण्याची सोय आहे. औषधवाले त्यांच्या मागे तिसरी खुर्ची लावायला निघाले होते. मग अध्यक्ष आले आणि शिट्टी वाजली.

"ओळंबे, बाजूला व्हा!"

"नाही होत."

"मी तीनपर्यंत मोजतो."

"शंभरपर्यंत मोजा. मी मोजूनच बसलोय." ओळंब्यांचा आवाज थोडा कापत होता, पण चढत होता. "माझ्या अंगावरून जा. माझ्या हातावर हसलात, हसा! म्हणी लावल्यात, लावा! पण बेचाळीस दिवस मी रोज मोजलंय, आणि तुमच्यापैकी एकानेही एकदा पट्टी लावून बघितली नाही. माझं चुकलं असेल तर उद्या तोंड दाखवणार नाही. पण आज या कोपऱ्यावर कोणी पाय ठेवायचा नाही!"

मेहुणा फोनमध्ये चित्रण करू लागला. अध्यक्षांनी शिट्टी तोंडाशी नेली, आणि तेवढ्यात खालून, चौथ्या मजल्यावरून, काच फुटल्याचा मोठा आवाज आला. लगेच दुसरा. मग जिन्यात धावण्याचा आवाज, आणि दातांचे डॉक्टर हातात कानस घेऊन, केसात काचेचे चार तुकडे घेऊन गच्चीच्या दारात उभे राहिले.

"वर कोणी उड्या मारतंय का?" त्यांनी विचारलं. "मी हातही नाही लावला! दोन्ही काचा आपोआप तडकल्या!"

सगळ्यांनी कठड्याकडे पाहिलं. कठड्याखालच्या गिलाव्यात, जिथे सकाळपर्यंत काही नव्हतं, तिथे अंगठ्याएवढी रुंद भेग पडली होती, आणि तिच्यातून अध्यक्षांच्या हिरवळीचं पाणी झिरपत होतं.

अध्यक्षांच्या शिट्टीचा आवाजच फुटेना. मग एकदम फुटला, आणि तीस वर्षांच्या सवयीने ते ओरडले, "मागे फिर! दोनच्या रांगेत! लहान मुलं पुढे!" सगळे लोक खाली गेले, कोणालाही खरचटलं नाही, आणि या बाबतीत अध्यक्षांना श्रेय द्यायला ओळंबे नेहमी तयार असतात. ओळंबे आणि त्यांची बायको सर्वांत शेवटी उतरले, आपापली खुर्ची घेऊन.

"अंगण वाकडंच निघालं हो," जिन्यात बायको म्हणाली.

"तीन मिलिमीटर," ओळंबे म्हणाले. त्यांना भरून आलं होतं.

पुढच्या आठवड्यात इमारतीत लोखंडी टेकू लागले, माती बादल्या-बादल्यांनी परत खाली आली, आणि सज्जाचा तो कोपरा कठड्यासकट कापून टाकण्यात आला. आता तिथे फक्त जाळी होती. शनिवारी साहेब स्वतः पाहणीला आले. यादीत प्रकार नव्हता तरी आले. त्यांनी गच्चीवर उभ्याने ते बेचाळीस फोटो पुन्हा पाहिले, प्रत्येकामागे ओळंब्यांनी पेन्सिलीने लिहिलेली मापंही पाहिली.

"माझं चुकलं," शेवटी ते म्हणाले. "सोमवारी तुमच्या टेबलावर या, ओळंबे. नव्या माणसाला दुसरीकडे बसवतो. तुमचा हात हलतो म्हणणारा मीच आंधळा."

हे सगळ्यांसमोर म्हणाले. अध्यक्ष, औषधवाले, डॉक्टर, मेहुणा, सगळे होते. ओळंब्यांना हवं होतं ते अक्षरशः जसंच्या तसं मिळालं. तेवढ्यात अध्यक्ष पुढे झाले. इमारतीच्या दप्तरासाठी एक फोटो हवा होता. सगळी समिती, साहेब, आणि मागे सूर्यास्त. "तुम्हीच काढायचा," ते म्हणाले. "आता तुमच्याशिवाय या गच्चीवर कोणी फोटो काढायचा नाही. तसा ठरावच करू." अर्जाचं त्यांनी नावही काढलं नाही.

सगळे जाळीच्या अलीकडे ओळीने उभे राहिले. कठडा नव्हता. चौकोन कठड्याबरोबर गेला होता. सूर्य पाण्याला टेकत होता आणि थांबणार नव्हता. ओळंब्यांनी कॅमेरा हातात धरला, दम रोखला, आणि कळ दाबली.

फोटो पाहायला सगळे कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती जमले. पाण्याची कड या वेळी उजवीकडून डावीकडे उतरली होती. चांगलीच.

आधी औषधवाले म्हणाले, "इकडूनही?" मग डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे माझी दुसरी बाजूसुद्धा!" ते ओरडले आणि जिन्याकडे पळाले. त्यांच्यामागे औषधवाले, त्यांच्यामागे मेहुणा. अध्यक्षांनी शिट्टी फुंकली, "दोनच्या रांगेत!" पण या वेळी रांगेला कोणी विचारेना. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी फोन काढला. "पूर्ण इमारत खाली करावी लागेल," ते म्हणत होते. "आत्ताच्या आत्ता. ओळंब्यांच्या फोटोत आलंय म्हणजे खरंच असणार."

ओळंबे पडद्याकडे पाहत होते. गच्ची कुठेही खचलेली नव्हती. त्यांच्या पायांना ते कळत होतं. त्यांनी मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात मोकळा होता, त्यात काही वजन नव्हतं, आणि तरी तो हलत होता. थोडासा. जेमतेम बोटाच्या पेराएवढा. गटाराच्या नकाशात जेवढी लहर होती तेवढाच.

गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. इमारत एक रात्र रिकामी झाली असती, चार लोक तपासून गेले असते, सारं सरळ निघालं असतं, आणि टेबल तर मिळालंच होतं. जिन्यातून मुलांना हाका मारण्याचे, दारं आपटण्याचे, कोणाच्या तरी म्हाताऱ्या सासूला खुर्चीसकट उचला म्हणण्याचे आवाज येत होते.

"फोन ठेवा, साहेब," ओळंबे म्हणाले. "इमारत सरळ आहे."

"अहो, पण फोटो..."

"माझा हात हलला." मग ते जिन्याच्या तोंडाशी गेले आणि एवढ्या मोठ्याने ओरडले, की शिट्टी थांबली. "कोणी पळू नका! इमारत सरळ आहे! माझा हात हलतो! हातच हलतो, दुसरं काही नाही! वर या सगळे, सूर्य थांबत नाही!"

एकेक जण चोरासारखा वर आला. कोणी त्यांच्याकडे पाहीना. औषधवाल्यांनी खिशातून मॅग्नेशियमची बाटली काढली आणि परत आत ठेवली. बायको मात्र त्यांच्याकडेच पाहत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

"अध्यक्ष, इकडे या," ओळंबे म्हणाले. "पाठ सरळ. माझ्याकडे पाठ करा. सावधान!"

अध्यक्षांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सावधान म्हटलं होतं. ते खांब झाले. ओळंब्यांनी त्यांच्या खांद्यावर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांची कळ दाबली आणि दोन्ही हात बाजूला घेतले. "श्वास घेऊ नका," ते म्हणाले, आणि अध्यक्षांनी घेतला नाही. सूर्याची शेवटची कोर पाण्यात जाताना फोटो निघाला. सरळ होता. दप्तरी फोटोत अध्यक्ष तेवढे आले नाहीत.

साहेब शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारवत नव्हतं. "मग ओळंबे... सोमवारचं?"

"सोमवारी दहाला येतो," ओळंबे म्हणाले. "हात हलतो, डोळा हलत नाही. गटार कुठून कुठे न्यायचं ते डोळा ठरवतो, साहेब. रेघ मारायला पट्टीला वजन ठेवीन, मनगट टेकीन, वेळ दुप्पट लागेल, पण रेघ सरळ येईल. नाही आली तर तेव्हा बोला." आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी कॅमेरा गळ्यात अडकवला. "टेबल पुसून ठेवायला सांगा."